ब्लूजची पानं गाळून ती कादंबरी वाचता येणार नाही

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि तळमळीने लिहिलेली आहे, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं मला पटत नाही. वर्णभेदाच्या काळातल्या अमेरिकन बेसबॉलवरच्या ज्या ऐतिहासिक कादंबरीविषयी मी लिहिलं होतं, ती तुम्हीही शेवटपर्यंत वाचलीत आणि तुम्हाला ती फसलेली वाटली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: खेळाची गोष्ट रंगात आलेली असताना मध्येच ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याची, पानंच्या पानं येतात आणि कथेचा दम जातो. जॉश गिब्सन, सॅचेल पेज अशा खऱ्या खेळाडूंच्या तोंडी लेखकाने मनची वाक्यं घातली आहेत. त्यापेक्षा आता अधिकृत आकडे उपलब्ध आहेत, ते वाचलेले बरे. रविवारच्या सामन्यांचा थाट रंगवून लेखकाने वर्णभेद गोंडस करून टाकला आहे. जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू गोऱ्यांच्या लीगमध्ये आल्यावर तरी शेवट गोड व्हायला हवा होता, तोही होत नाही. आणि मुळात आपल्याकडे पालवणकर बाळू हा दलित क्रिकेटपटू असताना मराठी वाचकाने कॅन्सस सिटीच्या बसमध्ये कशाला जाऊन बसायचं?

ब्लूजपासून सुरुवात करतो, कारण माझा जीव तिथे अडकला आहे. तुम्ही त्या पानांना ‘भरताड’ म्हणालात. मला ती कादंबरीचा कणा वाटतात.

१९२० हे साल घ्या. त्या वर्षी १३ फेब्रुवारीला कॅन्सस सिटीतल्या पॅसिओ वायएमसीएच्या इमारतीत कृष्णवर्णीय संघांचे मालक जमले आणि रूब फॉस्टरच्या पुढाकाराने नीग्रो नॅशनल लीग उभी राहिली. गोऱ्यांच्या लीगचे दरवाजे बंद होते. मोठ्या लीगमध्ये तसा लेखी नियम नव्हता, सगळं समजुतीने चाललेलं होतं. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर टोलेडोच्या संघाकडून वरच्या दर्जाचं बेसबॉल खेळला होता, आणि पुढच्या काही वर्षांत ते दार असं लागलं की १९४७ पर्यंत उघडलं नाही. आता त्याच १९२० चा ऑगस्ट महिना. न्यूयॉर्कमध्ये मेमी स्मिथने ओके कंपनीसाठी ‘क्रेझी ब्लूज’ ध्वनिमुद्रित केलं. तबकडी अशी काही खपली की कंपन्यांना पहिल्यांदा कळलं, काळ्या वस्तीतली माणसंही खिशातले पैसे मोजून तबकड्या घेतात. मग त्यांनी काय केलं? काळ्या गायकांच्या तबकड्यांसाठी वेगळे क्रमांक, वेगळी सूची, वेगळ्या जाहिराती काढल्या आणि त्यांना नाव दिलं ‘रेस रेकॉर्ड्‌स’. लीग वेगळी, तशी तबकड्यांची यादीही वेगळी.

आता दुसरं टोक पाहा. पहिली लीग मंदीत बुडाली होती, १९३३ मध्ये ती त्याच नावाने पुन्हा उभी राहिली. ही दुसरी लीग १९४८ च्या हंगामानंतर संपली. आणि १९४९ च्या जूनमध्ये ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाने आपल्या यादीवरचं ‘रेस रेकॉर्ड्‌स’ हे नाव काढून ‘रिदम अँड ब्लूज’ असं केलं. एकाच भिंतीच्या एकाच बाजूला, एकाच वर्षी सुरू झालेले हे दोन धंदे. त्या तीस वर्षांवरच्या कादंबरीत एक ठेवून दुसरा काढायचा कसा?

शिवाय ही नुसती सालांची जुळवाजुळव नाही, माणसंही तीच होती. कॅन्सस सिटीत एटीन्थ आणि व्हाइन या रस्त्यांच्या चौकाभोवतीची वस्ती म्हणजे मोनार्क्स संघाचं घर आणि काउंट बेसी, बिग जो टर्नर, जे मॅक्शान यांच्या संगीताचंही घर. मोनार्क्सचे खेळाडू आणि दौऱ्यावर आलेले वादक स्ट्रीट हॉटेलात एकाच छपराखाली उतरायचे, कारण गावातल्या बाकीच्या हॉटेलांत दोघांनाही जागा नव्हती. पिट्सबर्गमध्ये गस ग्रीनली हा आकड्यांच्या बेकायदा जुगारावर पैसा केलेला माणूस. त्याचं ‘क्रॉफर्ड ग्रिल’ हे हिल भागातलं संगीताचं नावाजलेलं ठिकाण, आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्‌स हा संघही त्याचाच. १९३२ मध्ये त्याने स्वतःचं मैदान बांधलं. ज्या गल्ल्यावर पियानोवाल्याचे पैसे निघत, त्याच गल्ल्यावर पेज आणि गिब्सन यांचेही निघत. १९३१ मध्ये लुई आर्मस्ट्राँग न्यू ऑर्लिन्सला परतला तेव्हा त्याने तिथल्या एका स्थानिक संघाला गणवेश घेऊन दिले आणि संघाचं नाव पडलं ‘आर्मस्ट्राँग्ज सीक्रेट नाइन’. कॅब कॅलोवेने तर आपल्या वाद्यवृंदातल्या माणसांचाच बेसबॉल संघ काढला होता.

आपल्याकडे गावच्या जत्रेत दुपारी कुस्त्या आणि रात्री तमाशा असतो, आणि त्या जत्रेची आठवण सांगताना कुणी दोन्ही वेगळे काढत नाही. जवळपास तसंच हे होतं. शनिवारी रात्री नाच, रविवारी सकाळी चर्च, दुपारी लागोपाठ दोन सामने. लेखकाने हा क्रम तसाच ठेवला आहे आणि त्यासाठी मी त्याला मनापासून दाद देतो.

रस्त्याचं तर विचारूच नका. १९०३ च्या सुमाराची गोष्ट डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराने आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. मिसिसिपीतल्या टटवायलर या लहानशा स्टेशनवर तो गाडीची वाट पाहत डुलकी घेत होता. जाग आली तेव्हा शेजारी फाटक्या कपड्यांतला एक माणूस गिटारच्या तारांवर सुरीचं पातं दाबून सरकवत होता आणि दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या ठिकाणाबद्दलची एकच ओळ पुन्हा पुन्हा गात होता. ब्लूजमध्ये रूळ आणि हमरस्ते इतके का येतात, ते इथे कळतं. जो माणूस एका गावी थांबूच शकत नाही, त्याचं हे गाणं आहे. बेसबॉलवाल्यांचं आयुष्यही तेच. लीगचे सामने हंगामात साठ-सत्तरच्या आसपास. पोट भरायचं तर मधल्या दिवसांत गावोगाव जाऊन जो भेटेल त्या संघाशी खेळायचं. मोनार्क्सचा मालक जे. एल. विल्किन्सन याने १९३० मध्ये ट्रकांवर चढवलेले दिव्यांचे खांब आणि जनरेटर घेऊन रात्रीचे सामने सुरू केले. गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये दिव्यांखाली पहिला सामना झाला तो १९३५ मध्ये. जनरेटरचा धडधडाट इतका की मैदानात एकमेकांना मारलेली हाक ऐकू जात नसे. सामना संपला की खांब उतरवायचे, बसमध्ये बसायचं, पावाबरोबर डब्यातले मासे खायचे आणि पहाटेपर्यंत पुढचं गाव गाठायचं. ब्लूज गायिका बेसी स्मिथने १९२५ मध्ये आपल्या मंडळीसाठी स्वतःचा रेल्वेचा डबा घेतला, तोही ह्याच कारणासाठी: उतरायला जागा मागायची पाळी येऊ नये.

म्हणून त्या पानांवर गाणं येतं तेव्हा कथा थांबत नाही, बस चालूच असते. आणखी एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असावी असं मला वाटतं. ब्लूजचं कडवं साधारणपणे तीन ओळींचं. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची, थोडा स्वर बदलून किंवा एखादा शब्द इकडचा तिकडे करून, आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. त्या कादंबरीतला म्हातारा कॅचर आपला एकच सामना दोनदा सांगतो आणि तिसऱ्या वेळी काहीतरी वेगळंच सांगतो. तुम्ही त्याला पुनरावृत्ती म्हणालात. मला तिथे लेखकाची पकड दिसली. गाण्याचा साचा त्याने निवेदनात उतरवला आहे, आणि तोही कुठे जाहीर न करता.

आता आकडे. तुम्ही लिहिलंत की २०२४ नंतर अशा कादंबऱ्यांची गरज उरलेली नाही. घडलं ते खरोखर मोठं आहे, त्यात वाद नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातल्या सात नीग्रो लीगना मोठ्या लीगचा दर्जा दिला आणि २०२४ च्या मे महिन्यात २३०० हून अधिक खेळाडूंचे आकडे अधिकृत नोंदींत आणले. जॉश गिब्सनची कारकिर्दीची सरासरी ०.३७२, म्हणजे बॅट घेऊन उभा राहिल्यावर शंभरातून सदतीस वेळा यशस्वी फटका. टाय कॉबचा ०.३६७ चा विक्रम मागे पडला. एका हंगामाचा विक्रमही गिब्सनच्या नावावर आला, १९४३ ची ०.४६६.

पण हे आकडे जमवले कुणी आणि कुठून? संशोधकांनी वर्षानुवर्षं जुन्या वर्तमानपत्रांची पानं चाळून, एकेक धावफलक गोळा करून. कृष्णवर्णीयांची ‘शिकागो डिफेंडर’, ‘पिट्सबर्ग कुरियर’ ही पत्रं साप्ताहिकं होती. यजमान संघाने फलक धाडला तर छापला जायचा, नाही धाडला तर सामना हवेत विरला. नोंदी अधिकृत करणाऱ्यांनीच सांगितलं आहे की हाती लागलेले आकडे सुमारे ७५ टक्के आहेत. वर गावोगावच्या त्या सामन्यांची गणतीच नाही. हॉल ऑफ फेममधल्या, म्हणजे बेसबॉलच्या सन्मान-दालनातल्या, गिब्सनच्या फलकावर जवळपास ८०० होम रन लिहिले आहेत, ते हे सगळे सामने धरून, आणि त्यातले बहुतेक कुठल्याच अधिकृत तक्त्यात कधी येणार नाहीत. गोऱ्या लीगच्या प्रत्येक चेंडूचा हिशेब ठेवायला माणूस नेमलेला होता. वर्णभेद मैदानावर होता तसा नोंदवहीतही होता. जिथे नोंदच राखली गेली नाही तिथे ‘आकडे वाचा’ म्हणणं मला अपुरं वाटतं, आणि आकड्यांचा पूर्ण मान राखून हे म्हणतो आहे.

शिवाय ०.४६६ हा आकडा एक गोष्ट सांगतच नाही. त्याच १९४३ च्या पहिल्या दिवशी गिब्सन बेशुद्धावस्थेत रुग्णालयात होता. मेंदूत गाठ असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्याने शस्त्रक्रियेला नकार दिला, असं त्याच्या घरच्यांनी नंतर सांगितलं. डोकेदुखी घेऊन तो पुढची चार वर्षं खेळला. २० जानेवारी १९४७ ला तो गेला, वय पस्तीस. जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला ती तारीख १५ एप्रिल १९४७. मधे तीन महिनेही नाहीत. ह्या दोन तारखांच्या मधल्या जागेत काय होतं हे कुठल्या तक्त्यात वाचायचं? कादंबरीतच वाचावं लागतं.

तोंडी घातलेल्या वाक्यांचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. ऐतिहासिक कादंबरीकाराने काय रचावं आणि काय रचू नये, याची माझ्यापुरती एक रेघ आहे. ती दोन उदाहरणांनी सांगतो.

कूल पापा बेल हा विजेसारखा धावणारा खेळाडू. त्याच्याबद्दल सॅचेल पेज सांगायचा की हा दिव्याचं बटण बंद करून खोलीत अंधार व्हायच्या आत पांघरुणात शिरतो. ऐकणारे हसायचे. पुढे बेलनेच खुलासा केला की हॉटेलातलं ते बटण नादुरुस्त होतं, दाबल्यावर दिवा थोडा वेळाने जायचा. त्याला ते कळलं आणि त्याने पेजशी पैज लावली. म्हणजे थाप वाटणारी गोष्ट घडलेली होती, आणि तिच्यात स्वस्त हॉटेलाची खोली, नादुरुस्त बटण, दोन दोस्त आणि एक पैज एवढं सगळं होतं. ज्या धावण्याची वेळ कुणी घड्याळ लावून टिपली नाही, ते धावणं अशा गोष्टींतून पुढे आलं. कादंबरीकाराने असल्या गोष्टी खुशाल घ्याव्यात, वाढवाव्यात.

दुसरं उदाहरण बेसी स्मिथच्या मृत्यूचं. २६ सप्टेंबर १९३७ ला मिसिसिपीत हमरस्ता क्रमांक ६१ वर मोटार अपघातात ती गेली. पुढे अनेक वर्षं सांगितलं गेलं की गोऱ्यांच्या रुग्णालयाने तिला दारातून परत पाठवलं. प्रत्यक्षात तिला थेट क्लार्क्सडेलच्या कृष्णवर्णीयांच्या रुग्णालयात नेलं होतं. जखमी काळ्या बाईला गोऱ्यांच्या रुग्णालयात नेण्याचा विचार तिथे कुणाच्या मनातसुद्धा आला नसता. खरी हकिगत अफवेपेक्षा भयंकर आहे! कारण दारातून परत पाठवायला निदान दारापर्यंत जावं तरी लागतं. अफवा उचलणारा कादंबरीकार इथे वर्णभेद होता त्यापेक्षा सौम्य करून ठेवतो. आपल्या कादंबरीकाराने हा प्रसंग घेतला आहे आणि खऱ्या रुग्णालयाचं नाव घेऊन घेतला आहे. ज्याने इथे घाई केली नाही, त्याने पेजच्या तोंडी चार वाक्यं रचली तर मी त्याच्यावर विश्वास टाकतो.

बेसीच्या थडग्यावर दगड बसला तो १९७० मध्ये, गिब्सनच्या थडग्यावर १९७५ मध्ये. तोपर्यंत दोन्ही जागा बिननावाच्या होत्या. ब्लूज आणि बेसबॉल एकत्र का, याचं ह्याहून नेमकं उत्तर मला देता येणार नाही.

थाटाबद्दल तुमच्याशी माझं अजिबात जमत नाही. मोनार्क्सच्या सामन्यासाठी चर्चची प्रार्थना लवकर आटोपायची आणि माणसं रविवारच्या ठेवणीतल्या कपड्यांत थेट मैदानावर यायची, ही त्या माणसांनीच सांगितलेली हकिगत आहे. १९४३ च्या ईस्ट-वेस्ट सामन्याला, म्हणजे नीग्रो लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्याला, शिकागोच्या कॉमिस्की पार्कमध्ये ५१,७२३ माणसं होती. ती सुटाबुटात आली, हॅट घालून आली, हसली, ओरडली. हे लिहिणं म्हणजे वर्णभेद गोंडस करणं कसं होईल? सामन्याआधी खेळाडू ‘शॅडो बॉल’ करून दाखवायचे: चेंडूशिवाय फेक, चेंडूशिवाय झेल, हवेतच सूर मारणं, आणि हे इतक्या चपळाईने की मागच्या रांगेतल्यांना चेंडू आहेच असं वाटावं. हा खेळ लोकांच्या आनंदासाठी होता आणि त्यात अव्वल दर्जाचं कसब होतं. त्याच आनंदाच्या मैदानावर १९३९ मध्ये नेवार्क ईगल्सची मालकीण एफा मॅन्ले हिने झुंडबळींच्या विरोधात एक दिवस पाळला आणि प्रेक्षकांना जागा दाखवणाऱ्यांच्या अंगावर ‘स्टॉप लिंचिंग’ लिहिलेले पट्टे चढवले. मोनार्क्सचा बक ओ’नील आयुष्यभर सांगत राहिला की आमच्यासाठी रडू नका, आम्ही उत्तम खेळ खेळलो. त्या माणसांना फक्त सोसणारी म्हणून रंगवणं मला त्यांचा अपमान वाटतो. कादंबरीकाराने तो केला नाही.

बाळूंबद्दल थोडक्यात, कारण तिथे आपण एकाच बाजूला आहोत. पुण्यात ज्या गोलंदाजाच्या जोरावर संघ जिंकत होता, त्याला चहा मात्र पॅव्हिलियनबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले आणि तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला मिळालं नाही. ते १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. यावर मराठीत तोलामोलाची कादंबरी कुणी लिहिली तर मी पहिल्या दिवशी विकत घेईन. पण बाळूंसाठी गिब्सन सोडायचा, हा हिशेब मला समजत नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, आणि १९७२ मध्ये मुंबईतल्या तरुणांनी आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव देताना अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर्सकडे पाहिलं. तिकडचं वाचणं ही आपल्याकडची जुनीच रीत आहे.

राहता राहिला शेवट. रॉबिन्सन मोनार्क्समधून आला तेव्हा ब्रुकलिन संघाचा कारभारी ब्रँच रिकी याने मोनार्क्सला एक डॉलरही दिला नाही. ईगल्सच्या लॅरी डोबीसाठी क्लीव्हलंडकडून एफा मॅन्लेला १५ हजार डॉलर मिळाले, तेही तिने भांडून मिळवले. प्रेक्षक रॉबिन्सनला पाहायला गेले, जायलाच हवे होते, आणि दोन हंगामांत नीग्रो नॅशनल लीग संपली. तिच्याबरोबर कृष्णवर्णीय मालक, व्यवस्थापक, पंच यांची कामं गेली आणि वयाने पुढे गेलेले खेळाडूही बाहेर पडले. गोऱ्या लीगने खेळाडू घेतले, बाकीच्यांना घेतलं नाही. बोस्टन रेड सॉक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरवला तो १९५९ मध्ये. म्हणून १९४८ च्या रिकाम्या होत चाललेल्या मैदानावर ही कादंबरी संपते ते मला बरोबर वाटतं. गोड शेवट करायचा तर ह्या सगळ्या माणसांना गाळावं लागलं असतं.

तुम्ही लिहिलंत की ब्लूज कधी कान देऊन ऐकलेलं नाही. मग पुन्हा वाचायच्या आधी बेसी स्मिथ ऐका, आणि तिच्यानंतर रॉबर्ट जॉन्सन. त्याची मुद्रित झालेली गाणी एकूण २९ आहेत, दोन संध्याकाळी पुरतील. मग १९४३ चं प्रकरण, गिब्सनचं, पुन्हा काढा. ते तेव्हाही लांबलेलं वाटलं तर जरूर लिहा, आणि कुठल्या पानापासून ते सांगा.